पिशव्यांमधल्या तारखा

कर्वेनगर, पुणे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

वैशे,

आधी बस. बसलीस का? बाबा आज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत गेले! एकटे! हातात काठी, पण नुसती धरलेली, टेकलेली नाही. मी वीस पावलं मागे लपतछपत चालले होते. दूध घेऊन वळले आणि मला बघून म्हणतात, "डॉक्टर, अडीच वर्षं झाली पाहुणचाराला. आता स्वतःच्या कामाला जायचं बघा." मी रस्त्यातच रडले. डेअरीवाल्याने मला पाणी दिलं, बाबांना नाही.

तर येते मी! बाबांच्या अर्धांगाच्या झटक्याचा फोन आला त्या रात्री तू मला विमानतळावर सोडताना म्हणाली होतीस, "परत आलीस की आपला स्वतःचा दवाखाना काढू, तोवर मी कुणाशी भागीदारी करणार नाही." अजून थांबली आहेस ना? की कुणी मिळाला?

आता अडचण ऐक. तिकडच्या मेडिकल बोर्डाचं पत्र आलंय. लायसन्सचं नूतनीकरण ३० सप्टेंबरला, आणि पडताळणीसाठी काढलेल्या नावांत माझं नाव निघालं. (लकी ड्रॉमध्ये जन्मात निघालं नाही.) गेल्या दोन वर्षांत किमान ४५६ तास पेशंट तपासल्याचा पुरावा द्या, म्हणतात. नाहीतर लायसन्स थांबणार, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली पुन्हा वर्षभर शिकाऊ. तिथे मी अडीच वर्षांत एक तास काम केलेलं नाही.

आणि मग भांडी घासता घासता लक्षात आलं, अगं, मी काम करतेय की! बाबांचे मित्र डॉ. गोपाळकृष्ण, आपले गोपाळकाका, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यात बसते. सोमवार ते गुरुवार, दहा ते साडेबारा, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. मी त्याला आपली 'काकांना मदत' म्हणत होते, पण महाराष्ट्र कौन्सिलची माझी नोंदणी चालू आहे, तपासते मी, औषध लिहिते मी, सही माझी. प्रॅक्टिस नाही तर काय ती? हिशोब केला, चारशे छप्पन आरामात निघतील. नाच!

तुझी (अजून डॉक्टर असलेली)
तनया


बुधवार, ६ ऑगस्ट

तने,

नाचले. क्लिनिकच्या किचनमध्ये, आणि रिसेप्शनच्या बाईंनी पाहिलं. तुझे बाबा एकटे चालले! त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि पाण्याचं वाचून मला त्यांचीच दया आली.

आणि नाही, कुणी मिळालेला नाही. मुख्य रस्त्यावरची दोन खोल्यांची जागा मी १ ऑक्टोबरपासून घ्यायची म्हणून शब्द टाकून ठेवलाय. वाईएवढं गाव आहे, दुसरी जागा निघायची नाही. त्या दिवशी आपल्या दोघींचं लायसन्स चालू असलं पाहिजे, घरमालकाची तीच अट आहे.

म्हणून आता नाच थांबवून ऐक. मी बोर्डाला फोन करून सगळं खणून काढलं. भारतातलं काम चालतं. पण 'मी बसत होते' हे चालत नाही. तारीखवार नोंद पाहिजे, म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर. त्याची प्रत, पेशंटची नावं काळी करून, तिथल्या डॉक्टरांचं पत्र, आणि इथल्या एका डॉक्टरची साक्ष, की मी कागद न् कागद वाचला आणि मला पटला. ती साक्ष मी देणार. सगळं १५ सप्टेंबरपर्यंत पोहोचलं पाहिजे. उद्याच्या उद्या गोपाळकाकांच्या रजिस्टरचे फोटो काढून पाठव.

जाता जाता, तू मांजरी गावात आमच्या घरी गेली होतीस का एवढ्यात? आज्जी हल्ली व्हिडिओ कॉलवर कायम खाटेवर, पायावर गोधडी. हिवाळ्यात म्हणायची थंडी आहे. आता ऑगस्टमध्येही थंडीच म्हणते. विचारलं की विषय बदलते.

वैष्णवी


सोमवार, ११ ऑगस्ट

वैशे,

रजिस्टर नाही.

तुला वाटेल मी चेष्टा करतेय. काकांच्या दवाखान्यात पन्नास वर्षांत रजिस्टर नावाची वस्तू नव्हती. मी आज विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी दुधाचा रतीब घालतो का, वही ठेवायला?" म्हटलं, अहो काका, मग पेशंटचं मागचं कसं कळणार? म्हणाले, "त्याच्या पिशवीतून. आजार त्याचा, कागद त्याचा. माझ्या कपाटात कशाला पाहिजे?"

आणि खरंच तसंच आहे गं. आपण कागदावर लिहितो, पेशंट तो घडी करून पिशवीत टाकतो आणि घरी नेतो. पुढच्या वेळी तीच पिशवी, कापडाच्या दुकानाची नाहीतर औषधाच्या दुकानाची, आत सोनोग्राफीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं. दीड वर्ष मी रोज हे बघितलं आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की माझ्या कामाचा एकही कागद माझ्याकडे नाही! काकांना म्हटलं, आता माझं काय होणार? त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "कागद हरवलेले नाहीत. कर्वेनगरभर पसरलेत. बोलवा."

तर बोलावतोय आम्ही! हिशोब सोपा आहे. दवाखान्याची एक सकाळ म्हणजे अडीच तास. माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा त्या दिवसाचा एक कागद मिळाला की ती सकाळ पक्की. वेगवेगळ्या १८३ तारखा मिळाल्या की झालं. काकांनी आजपासून नियम काढलाय, आधी पिशवी, मग नाडी. कागद वापरण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, चालेल का म्हणून. नाही म्हणाला तर कागद परत, वर का म्हणूनही विचारायचं नाही.

आज पहिल्या दिवशी नऊ तारखा मिळाल्या. काळजी करू नकोस, म्हणजे कर, पण थोडी.

आज्जी ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात गेले होते, भाकरी आणि ठेचा खाऊन दोन दिवस तोंड पोळलेलं होतं.

तनया


गुरुवार, १४ ऑगस्ट

तने,

पन्नास वर्षं! रजिस्टर नाही! मला ते पत्र वाचून घाम फुटला आणि मग हसूच आवरेना. आमच्या आज्जीची अशीच पिशवी आहे, हिरवी, खताच्या दुकानाची. ती कुणाला हात लावू देत नाही. लहानपणी मी एकदा उघडली म्हणून रविराजदादाला मार बसला होता.

बोर्डाला पुन्हा फोन केला. त्या बाई आधी म्हणाल्या, रेकॉर्ड पेशंटच्या घरी असतं म्हणजे काय? मी अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाल्या, मूळ कागदाचा फोटो, त्यावर तारीख आणि सही असेल तर घेऊ. घेऊ! मी फ्रिजवर दोन वर्षांचं कॅलेंडर चिकटवलंय. तू आकडा सांगायचा, मी खुणा करणार. घरात मी एकटी असूनही टाळ्या वाजवते.

आज्जी ठणठणीत, एवढंच? तुझं उत्तर तिच्यासारखंच आलं.

वैष्णवी


रविवार, २४ ऑगस्ट

वैशे!!

१३१!

हा आठवडा तू इथे पाहिजे होतीस. मंगळवारी सकाळी जिन्यावर रांग. मला वाटलं साथ आली. सगळे धडधाकट! सगळ्यांच्या हातात पिशव्या! काकांनी भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, लाल पेन घेऊन आमच्या सोसायटीच्या ललिताकाकू उभ्या. काकू ब्लड प्रेशरच्या, दर महिन्याला येणाऱ्या, निवृत्त गणिताच्या बाई. मी पिशवीतून कागद काढून तारीख वाचायची, काकू कॅलेंडर बघून ओरडायच्या, "झालेली!" नाहीतर "नवी!" नवी म्हटलं की सगळा दवाखाना टाळ्या वाजवतो. हाउजी सुरू आहे नुसती! ज्यांची तारीख झालेली निघते त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. एका आजोबांनी तर भांडण काढलं, "माझा खोकला आधीचा आहे, त्यांचा नंतरचा, आम्हाला का नाही?"

एक बाई तीन मुलांच्या तीन पिशव्या घेऊन आल्या. बारा तारखा, त्यातल्या सात नव्या! सर्दीला तेव्हा मी किती वैतागले होते, वैशे, आज प्रत्येक सर्दीच्या पाया पडावंसं वाटलं. खडकीहून एक निवृत्त फोरमन बस बदलून आले, एकाच कागदासाठी. तारीख झालेली निघाली. मी खजील झाले, तर म्हणाले, "असू द्या. आमच्याकडून कमी पडायला नको."

दोघी नाही म्हणाल्या. घरात आजाराचं सांगितलेलं नव्हतं त्यांनी. मी कागद घडी करून परत दिले. त्यातली एक तारीख नवी होती, ललिताकाकूंनी पेन उचललंसुद्धा होतं. काकांनी नुसती मान हलवली, काकूंनी पेन खाली ठेवलं.

आणि मला काय झालंय सांगू? मी स्वतःचंच अक्षर वाचत बसते. 'ताप उतरला.' 'भूक लागते.' 'पुन्हा येण्याची गरज नाही.' मी अडीच वर्षं रोज स्वतःला म्हणत होते, आपण वाया चाललोय, आपला हात गेला. कुठे गेला? इथेच होता, लोकांच्या कपाटात.

५२ राहिल्या. बुधवारी गणपती, निम्मं कर्वेनगर गावाला. पण मिळतील!

तुझी
हाउजीतली तनया


शुक्रवार, २९ ऑगस्ट

तने,

मी इथे फ्रिजसमोर 'नवी!' म्हणून ओरडले आणि शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ललिताकाकूंना माझ्याकडून कडक सॅल्यूट. मी जागेच्या मालकाला सांगून टाकलं, १ तारखेला दोघी येतो. त्याने किल्ली दाखवली. पाटीवर तुझं नाव आधी की माझं, हे भांडण आतापासूनच सुरू कर.

पुढचा आकडा कधी? पत्राची वाट बघवत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नकोस. कामाचं तिथे आणि मनातलं पत्रात, हाताने लिहून, फोटो काढून मेलने, हे आपलं हॉस्टेल सुटलं तेव्हापासून ठरलंय. हे मनातलं आहे.

वैष्णवी


रविवार, ७ सप्टेंबर

वैशे,

१७१. आणि आता संपलं.

चार दिवसांत एकही नवी नाही. काकांनी फोन करून करून माणसं बोलावली, गावाला गेलेले परत आले, पिशव्या उलट्या केल्या. सगळ्या 'झालेल्या'. बाकीच्या सकाळी ज्यांना तपासलं ते भाडेकरू होते, घरं बदलून गेले, कुणी रद्दीत घातले कागद. १७१ सकाळी म्हणजे चारशे साडेसत्तावीस तास. साडेअठ्ठावीस तास कमी पडतायत.

तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते. आणखी काही तास आहेत. पुरतील एवढे आहेत. पण ते कागद मी मागू शकत नाही. काही झालं तरी कागद घराबाहेर जाणार नाही, असा मी पेशंटला शब्द दिलाय. आणि नुसतं जाऊन विचारलं तरी तो माणूस माझ्यासाठी हो म्हणेल, मनात नसतानाही. ते विचारणं नाही, ते दडपण झालं. दवाखान्यात त्या दोघींना मी एका शब्दाने विचारलं नाही, मग इथे माझी गरज आहे म्हणून विचारू?

तेव्हा आहे ते पाठवते. कदाचित घेतील.

तनया


मंगळवार, ९ सप्टेंबर

तनया,

घेणार नाहीत. मी विचारलं. ४५६ म्हणजे ४५६.

मला तुझं पत्र कळलंच नाही. नाव काळं करायचं आहे, गं! बोर्डातल्या बाईला तुमच्या त्या पेशंटशी काय देणंघेणं? कागद फक्त मी वाचणार, आणि माझ्यावर तुझा विश्वास नाही का? कोण एवढा मोठा माणूस आहे? नगरसेवक आहे का?

का दुसरंच काही आहे? गेला अख्खा हिवाळा रविवारी सकाळी तू फोन उचलत नव्हतीस. विचारलं की 'बाहेर होते'. मी म्हटलं असेल कुणी, सांगेल आपणहून. तुला तिथेच राहायचं असेल तर स्पष्ट सांग ना! कागदाचं निमित्त कशाला? बारा वर्षांची मैत्री आहे आपली. मी अडीच वर्षं भागीदार न घेता थांबले, मालकाला शब्द दिला, फ्रिजवर खुणा करत बसले वेड्यासारखी, आणि तू शेवटच्या साडेअठ्ठावीस तासांवर मला तत्त्वं सांगतेस.

खूप राग आलाय मला. पाठवतेय तशीच.

वैष्णवी


बुधवार, १० सप्टेंबर

वैशू,

तुझ्यावर विश्वास आहे. तुझ्याइतका कुणावर नाही. पण आजार माझा नाही, त्यामुळे तो कुणाला सांगायचा हे ठरवणं माझ्या हातात नाही. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस, आणि मी तुझ्यावर अशीच ओरडले असते.

मला यायचंय. तिकीट बघून ठेवलंय, रोज उघडून बघते. दुसरा माणूस वगैरे कुणी नाही, असता तर तुला आधी फोटो आला असता.

एक वर्ष शिकाऊ राहावं लागलं तर राहीन. जागा हातची घालवू नकोस. दुसरा भागीदार घे.

तनया


मु. पो. मांजरी
गुरवार, ११ सप्टेंबर

वैष्णवीस आज्जीचा आशिरवाद.

मी सांगती आन् तुझी वहिनी राजनंदिनी लिवती. ती मदीच शुद्ध करायला लागली व्हती, म्या म्हनलं जसं बोलती तसंच लिव, पोरगी वळखंल तरी.

काल ते तुमचं गोपाळ डागतर आलं व्हतं रिक्षा करून, गुडघा धरत. च्या घेतला. मंग म्हनलं, "आजी, तुमची पिशवी तुमची हाय. म्या मागत न्हाय. पर एक गोष्ट तुमाला ठाव असावी म्हनून आलोय." आन् समदं सांगितलं. तुझ्या मैतरनीचं लायसन जातंय, साडेअठ्ठावीस तासापायी, आन् ती गप बसलीया माझ्या शबदापायी. तिनं त्यांनाबी मला सांगू नका म्हनून सांगितलं व्हतं म्हनं. ते म्हनलं, "मला तिचं ऐकायची सवय न्हाय."

आता तुला सांगती, घाबरायचं न्हाय. गेल्या दिवाळीला माझ्या पायाला काटा मोडला. साखरंमुळं चिघळला. करंगळी काळी पडली. गोपाळ डागतरनंच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तितं सर्जननं करंगळी काढली आन् म्हनलं, जखम नीट राखली न्हाय तर पाऊलबी जाईल. तुला कळलं आस्तं तर तू समदं टाकून आली आस्तीस. मला ठाव हाय तुझा सोभाव. तुझं तितलं बस्तान नुकतं बसत व्हतं. म्हनून म्या तुझ्या बापाला, संपतला, दम दिला, रविराजला दिला, आन् तनयाला माझ्या गळ्याची आन घातली, वैष्णवीला कळता कामा नये, माझा एक कागद ह्या घराभाईर जाता कामा नये. ती लई भांडली माझ्याशी. म्हनली, आज्जी, तिला सांगा, तिचा हक हाय. म्या म्हनलं, पाय माझा हाय.

तवापास्नं ती दर रईवारी सकाळी यायची. एकोनीस रईवार, म्या मोजल्यात. जखम उघडायची, धुवायची, वास आला तरी तोंड वाकडं करायची न्हाय. राजनंदिनीला रोजचं शिकवलं. माझं झालं की गल्लीतल्या चौघी ओळीनं बसलेल्या आसायच्या, त्यांचं बीपी, साखर. दोन तास हलायची न्हाय जाग्यावरनं. समदं कागदावर लिवायची आन् सही करून म्हनायची, आज्जी, पिशवीत ठिवा. ठिवलं. एकबी हारवला न्हाय.

पाऊल ऱ्हायलंय, बाय. करंगळी तेवढी न्हाय. चालती मी. गोधडी तुझ्यासाठी घेत व्हते, थंडीसाठी न्हाय.

राजनंदिनीनं एकोनीसच्या एकोनीस कागदांचं फोटू काढल्यात, ह्या पत्रासंगं धाडल्यात. गल्लीतल्या चौघींनीबी आपापल्या पिशव्या आनून दिल्या. नावं काळी करा म्हनती राजनंदिनी. माझं करू नका. काय चोरी केली का म्या?

पिशवी माझी, आन् आज म्याच ती उघडली. तनयावर रागावू नगं. रागवायचं आसंल तर माझ्यावर रागव, पर समोर येऊन रागव.

तुझी आज्जी
सरूबाई

(ताई, मी राजनंदिनी. हे सांगताना आजींनी गोधडी घडी करून कपाटात ठेवायला लावली.)


शुक्रवार, २६ सप्टेंबर

तने,

घेतलं! घेतलं! घेतलं! आज सकाळी बोर्डाचं पत्र आलं. चारशे साडेपासष्ट तास, मान्य! तुला मेल गेलीच असेल, पण मला हे स्वतः लिहायचं होतं, म्हणून फोन केला नाही. घाईत लिहितेय, अक्षर सहन कर.

साक्षीच्या कागदावर सही करायच्या आधी मी प्रत्येक कागद वाचला. नियमच आहे तसा. १७१ सकाळी वाचल्या आणि मग एकोणीस रविवार. १७ नोव्हेंबर, 'जखम तीन सेंटिमीटर, कडा काळ्या.' ८ डिसेंबर, 'कडा गुलाबी. पेशंट चिडलेली, म्हणजे बरं लक्षण.' २ फेब्रुवारी, 'आज चार पावलं.' ह्या प्रत्येक रविवारी मी तुला फोन करत होते, तने. तू माझ्या आज्जीचा पाय मांडीवर घेऊन बसली होतीस आणि मी इथे ठरवत होते की तुला कुणीतरी भेटलंय. मला माफ कर. नऊ तारखेचं ते पत्र पुसून टाक.

मग आज्जीला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, पाय दाखव. आधी मला शिव्या दिल्या. मग राजनंदिनीवहिनीच्या हातात फोन दिला आणि अंगणातून गोठ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. वळून म्हणते, "बघितलंस? आता रड." मी रडतच होते.

मी २८ला निघते, दहा दिवस मांजरीला, समोर जाऊन रागवायचं आहे मला. त्यामुळे १ तारखेला तूच इथे असलं पाहिजेस. किल्ली मालकाकडे, दोन्ही लायसन्स त्याला मी दाखवलीत. फ्रिजमध्ये आमटी ठेवून जाते. पाटी रंगवायला दिली आहे. तुझं नाव आधी.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. गोपाळकाका रिक्षा करून गेले नसते तर तू मला कधीच सांगितलं नसतंस, लायसन्स गेलं असतं तरीही. मी आठ दिवस ह्याच गोष्टीवर तुझ्यावर चिडून होते. उद्या माझ्या शेजारच्या खोलीत कुणीतरी पेशंट बसून असंच काही सांगेल, आणि भिंतीपलीकडे मी असेन, आणि तू मलाही सांगणार नाहीस. म्हणून तर अडीच वर्षं दुसरं कुणी चाललं नाही मला.

लवकर ये. आणि येताना तुझ्या स्वतःच्या तपासण्यांचे कागद घेऊन ये, तुझी डॉक्टर मी आहे. पिशवीत आण.

वैष्णवी